लहान्या बाईचा हात

आमच्या वाशीमच्या दवाखान्यात बाई आली की औषधाचं नंतर विचारायची. आधी विचारायची, "आज हात कोनाचा हाय?" डॉक्टर कितीही शिकलेले असोत, बाटली थेट विलायतेहून आलेली असो, देणाऱ्याच्या हाताला गुण नसेल तर त्या औषधाचं पाणी होतं, अशी तिकडची पक्की समजूत. एखाद्याच्या हातानं ताप उतरतो, एखाद्याच्या हातानं चढतो. मी अमरावतीला जनाना दवाखान्यात राहून बाळंतपणाचं शिक्षण घेतलं, परीक्षा दिली, तिथल्या मड्डमच्या शिव्या खाल्ल्या. पण हातगुण काही त्या परीक्षेत नव्हता.

ही गोष्ट इंग्रजांच्या राज्यातली, दुसरी लढाई लागायच्या आधीची. दवाखाना कौलारू होता आणि त्याला दोन ओसऱ्या होत्या. रस्त्याकडची पुरुषांची, मागची कडुनिंबाकडची बायकांची. मागच्या ओसरीवर माझं राज्य. बाळंतपणं, गळवं, भाजलेली लेकरं, आलेले डोळे, आणि उन्हाळ्यात नारू. नारू आजच्या पोरांनी पाहिलेला नाही म्हणून सांगते. पायविहिरीचं पाणी पोटात गेलं की वर्षभरानं पायातून दोऱ्यासारखा लांब जंत डोकं बाहेर काढायचा. तो ओढायचा नसतो. काडीला गुंडाळून, आपणहून जेवढा येईल तेवढाच, रोज थोडा थोडा घ्यायचा. घाई केली की तो तुटतो आणि पाय भोपळ्यासारखा सुजतो. स्वभावानं मी तापट. माझी आई म्हणायची, हिच्या जिभेवर मिरची वाटून घ्यावी. पण नारूची काडी हातात घेतली की मी गरीब गाय व्हायचे. माझ्या हातून नारू कधी तुटला नाही. हे मीच सांगते, कारण दुसरं कोणी सांगणार नाही.

सकाळची गर्दी ओसरली की आमचे म्हातारे कंपाउंडर चाचा सुया उकळायच्या स्टोव्हवर चहा टाकायचे. मी ओसरीच्या बाकावर बसून बशीत ओतून तो प्यायची. माझ्या दिवसात माझी म्हणावी अशी तेवढीच एक वेळ. तेवढ्यात कोणी आलं तर चाचा सांगायचे, "ठैरो जरा, बाई चाय पी रही है." आणि बायका थांबायच्याही.

मग ती आली. केनवडकडची, शेतकऱ्याची लेक, नवऱ्यानं टाकलेली. नागपूरला शिकून आलेली. सावळी, दात पुढे, हसली की तोंडावर हात धरायची. पट्टी बांधायची तर गाठ नेमकी दुखऱ्या जागेवर यायची. मी तिला गाठ शिकवली, चिमटे कोणत्या क्रमानं ठेवायचे ते शिकवलं. ती आली म्हणून मी रातोरात मोठी झाले. माझं नाव पडलं मोठ्या बाई, तिचं लहान्या बाई. पस्तिशीही उलटली नव्हती माझी.

तिच्या हातगुणाचा जन्म कसा झाला तेही ऐका. गावात एका जैन व्यापाऱ्याच्या घरी सून होती. तिची बाळं जन्मून दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जायची. तिचे महिने सगळे मी पाहिले होते. काय खायचं, काय नाही, कधी पडून राहायचं, सगळं माझं सांगणं. ऐन दिवशी मला अनसिंगला एका अडलेल्या बाईकडे जावं लागलं आणि सुनेला घेऊन घरचे दवाखान्यात आले. तिथं कोण? लहान्या बाई. बाळ सुखरूप झालं, आणि जगलं. माझं म्हणणं एवढंच की ते माझ्याही हातून जगलंच असतं. पण व्यापाऱ्यानं गावभर पेढे वाटले, आणि ज्याच्या त्याच्या तोंडी एकच झालं, लहान्या बाईच्या हाताले गुण हाय.

महिनाभरात ओसरीवरचा बाक एका अंगाला कलंडला. ओसरीच्या दोन टोकांना आमची दोन टेबलं होती. तिच्या टेबलापाशी बायका कडुनिंबाच्या पारापर्यंत बसलेल्या असायच्या आणि माझ्यापुढे मोकळी फरशी. मी हाक मारायची, "या वं, इकडं या, इथंबी औषधच देतेत." तर एकमेकींकडे बघायच्या. एक म्हातारी तर तोंडावर म्हणाली, "राहू दे मोठ्या बाई, मले काई घाई नाई."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

डॉक्टरसाहेब पुण्याकडचे, सज्जन गृहस्थ, पण गर्दीला फार भ्यायचे. त्यांनी तोडगा काढला. "लहान्या बाईंनी आधी नुसता हात लावावा, पुढचं मोठ्या बाई करतील. म्हणजे लोकांचंही समाधान आणि कामही उरकेल." झालं! त्या दिवसापासून ती गळवाला बोट लावायची आणि मी चिरायची. ती बाटलीला हात लावायची आणि मी पाजायची. तिनं पोटावर तळवा ठेवायचा, उरलेलं सगळं मी करायचं, आणि जाताना बाई पाया पडणार तिच्या. म्हणतात ना, काम करी मुंगी आणि साखर खाई ढुंगी. असली काही म्हण नाही हे मला ठाऊक आहे, पण त्या वर्षी मी ती केली आणि चाचांना ऐकवली. चाचा मिशीत हसले.

लोक तिला काय काय आणून द्यायचे! पहिला हुरडा तिला, पहिली बोरं तिला, वांगी, अंबाडीच्या जुड्या, घरचं तूप. तांड्यावरच्या बायका मानोऱ्याहून पायी यायच्या आणि तिच्यासाठी मोहाची फुलं आणायच्या. एकटी बाई एवढं खाणार किती? ती सगळं माझ्या खोलीत आणून ठेवायची. "मोठ्या बाई, तुमीच करा न भाजी. मले नाई खाववत." मी करायची. तिच्या वांग्यांचं भरीत मी खात होते आणि प्रत्येक घासाला जळत होते. भरीत चांगलं व्हायचं, हे आणखी वाईट.

आता हेवा म्हणजे काय ते सांगते. मला तिचं वाईट व्हावं असं नव्हतं. मला फक्त तिच्यापुढची ती रांग हवी होती. एखाद्या बाईनं एकदा तरी माझ्या नावानं अडून बसावं, म्हणावं, "नाई, मले मोठ्या बाईचाच हात पाह्यजे." एवढंच. पोटात दुखतं म्हणतात ते खरोखर पोटातच दुखतं, इथं, बरगडीच्या खाली.

उन्हाळा आला आणि नारूवाल्यांची रीघ लागली. नारूला नुसतं बोट लावून बायकांचं भागेना, म्हणून तिच्या हातात काडी, माझ्या हातात रिकामी ताटली. तेव्हा मला पहिल्यांदा दिसलं की ती मध्येच काडी खाली ठेवते आणि बोटं पदराला पुसत बसते. एक दिवस एका बाईच्या घोट्यातला नारू ती गुंडाळत होती, मागून कोणीतरी "लहान्या बाई!" म्हणून पदर ओढला, तिचा हात हिसकला आणि नारू तुटला. मला वाटलं, आता कळेल. पाय सुजला, बाई आठ-दहा दिवस कण्हत पडली, आणि तिची जाऊ मला काय म्हणाली? "नारूच वंगाळ होता बाप्पा. लहान्या बाईचा हात होता म्हून पाय राह्यला." माझ्या हातून तुटला असता तर हीच जाऊ गावभर बोंबलली असती.

लहान्या बाई सारखी हात धुवायला लागली. कार्बोलिकच्या साबणानं, कोपरापर्यंत, एक बाई गेली की धुवायची, दुसरी यायच्या आत पुन्हा. बोटांना भेगा पडल्या. घरी जावं तर तिच्या ओट्यावर लोक बसलेले. कोणाची गाय वासराला चाटेना, कोणाच्या पोराला दृष्ट लागली, कोणाला कोर्टात जायचं होतं आणि जाण्याआधी डोक्यावर हात हवा होता. जेवायला बसली की दारात माणूस. हसताना तोंडावर हात धरायची ती सवय गेली, कारण हसणंच गेलं. एकदा एका म्हातारीवर ती खेकसली, "कायले येता सारे माह्याजवळ? माह्या हाताले काय सोनं लागलं?" म्हातारी भक्तिभावानं म्हणाली, "बोल माय, बोल. तुह्या शिव्याइनंबी गुण येते."

मग ती सामानाच्या खोलीत जाऊन बसू लागली. कापसाच्या गठ्ठ्यावर, भिंतीकडे तोंड करून. डॉक्टरांनी मला विचारलं, "लहान्या बाई दमल्यात का हो?" आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या घरून तिच्यासाठी पेलाभर दूध यायला लागलं. मलई घातलेलं. ऊन ऊन. वर बशी झाकलेली.

मला दया यायला हवी होती, पण मला ते दूध दिसलं. मी या ओसरीवर तिच्या कितीतरी आधीपासून उभी होते. पटकीच्या साथीत याच फरशीवर मी माणसं ओळीनं झोपवलेली पाहिली होती आणि पुसून घेतली होती. तेव्हा मलाही गठ्ठ्यावर बसून भिंतीकडे बघावंसं वाटलं होतं. पण माझ्याकडे बघून कधी कोणी म्हटलं नाही, मोठ्या बाई दमल्यात का हो. आता तर मला तिच्या दमण्याचासुद्धा हेवा वाटू लागला.

आणि नेमकी तेव्हाच माझी धाकटी बहीण आली.

मानोऱ्याजवळच्या एका खेड्यात दिली होती तिला. दोन खेपा वाया गेल्या होत्या, ही तिसरी. या खेपेला लेकरू हाती आलं नाही तर सासरी दुसरीचा विचार चालू होता. सासू तसं उघड बोलायची. म्हणून दिवस भरत आले तशी ती सासूला घेऊन दमणीतून, म्हणजे छोट्या बैलगाडीतून, माझ्याकडे आली. मला वाटलं, चला, या जगात निदान एक बाई तरी माझ्या हातासाठी आली. मी तिला माझी बाज दिली, स्वतः खाली निजले. तिचे पाय सुजायचे, मी रोज तेल चोळायची.

एका दुपारी असंच तेल चोळत होते. तिचा पाय माझ्या मांडीवर होता. म्हणाली, "अक्का, एक सांगू? राग नको मानू."

"सांग."

"तुह्यावर भरवसा नाई असं नाई. पन टाइमाले लहान्या बाईचा हात लागू दे. तू आपली बाहेर बस."

मी पाय मांडीवरून खाली ठेवला. पिकतं तिथं विकत नाही हे मी ऐकून होते, पण पिकवणाऱ्याच्या बहिणीनं दुसऱ्या दुकानात जावं! "तुले ह्या हातानं नाऊ-माखू घातलं व्हतं लहानपनी," मी म्हटलं. "तवा कोन्या लहान्या बाईले बोलावलं व्हतं?"

ती रडायला लागली. "माही सासू ऐकत नाई वं. आनिक मलेबी भेव वाटते. दोन गेले अक्का."

मी पुन्हा पाय मांडीवर घेतला आणि चोळत बसले, जरा जोरानंच.

कळा सुरू झाल्या त्या बाजाराच्या दिवशी सकाळी. डॉक्टर अनसिंगला पटकीच्या टोचण्या द्यायला गेलेले, संध्याकाळच्या गाडीशिवाय यायचे नाहीत. मी तपासलं. डोकं वर, पाय खाली. पायाळू. पायाळू लेकराचं आपल्याकडे मोठं कौतुक. त्याच्या पायाला गुण असतो म्हणतात, चमक भरलेल्या पाठीवर त्यानं टाच लावली की पाठ मोकळी होते. पण ते जन्मून जगलं तर. शेवटी डोकं अडकतं आणि तिथंच बहुतेकांचं संपतं. बहिणीला मी काही सांगितलं नाही. तिनं डोळे उघडून एकच विचारलं, "लहान्या बाई कुठी हाय?"

सामानाच्या खोलीत होत्या लहान्या बाई. गठ्ठ्यावर. हात मांडीत उलटे टाकलेले, जणू दुसऱ्याचे होते आणि कोणी ठेवायला दिले होते.

"चाल," मी म्हटलं. "माही बहीन अडली हाय. लेकरू पायाळू हाय."

"माह्यानं होत नाई."

"काहून होत नाई?"

"हात उचलत नाई, मोठ्या बाई. पाहा न." ती उचलून दाखवायला गेली आणि खरंच, हात मनगटापाशी लोंबला. "आतापस्तोर वाचले ते वाचले. हे मेलं तं? माह्या हातानं मेलं म्हनतीन. तुमी करा न. तुमाले येते."

तुमाले येते! एवढ्या मोठ्या वऱ्हाडात हे एकीलाच कळलं होतं, आणि ती ही.

माझा तोल गेला. मी तिला दंडाला धरून उठवलं. "मले येते ते मले मालूम हाय. मी करतो. तू फक्त उशापाशी उभी राह्य. तुले पाहल्याबिगर तिचा जीव निवत नाई. माही बहीन हाय, तिले आज जे पाह्यजे ते देईन मी. तुहा हात पाह्यजे तं हात." आमच्याकडे बायकाही ‘करतो, देतो’ म्हणतात, तसं मी म्हटलं.

ती आली. उशाशी उभी राहिली. मी ओली पट्टी बहिणीच्या कपाळावरून डोळ्यांवर ओढली आणि लहान्या बाईचा तळवा त्यावर ठेवला. तो तिनं काढून घेतला नाही एवढं मात्र खरं. "होते माय, होते," असं ती पुटपुटत राहिली. बहीण त्या हाताखाली शांत झाली, ते मी डोळ्यांनी पाहिलं. मला ते पाहायचं नव्हतं.

पुढचं माझं. आधी एक पाय आला, मग कंबर. इथं ओढायचं नसतं. नारूसारखंच, आपणहून येईल तेवढंच घ्यायचं. ऊन फडक्यात अंग गुंडाळून नुसतं धरून राहिले. खांदे आले, एक हात सोडवला, दुसरा सोडवला. मुलगी होती. आणि मग डोकं अडलं. अशा वेळी एकीनं वरून ओटीपोटावर दाबायचं आणि दुसरीनं खालून हनुवटी धरून डोकं काढायचं असतं. दोघींचं काम आहे ते.

"दाब वरून," मी म्हटलं.

तिचा हात कपाळावरून हलला नाही. माझ्याकडे नुसती बघत राहिली.

"अवं दाब!"

हलली नाही. मग मी टेबलाला आडवी झाले, एका हातानं वरून दाबलं, दुसऱ्या हातानं खालून धरलं, आणि कमरेतून पिळवटून लेकराला बाहेर घेतलं. त्या पिळात माझ्या पाठीत कट्कन काहीतरी झालं. लेकरू निळं होतं. तोंड पुसलं, पाठ चोळली, तळव्यांना टिचक्या मारल्या, फुंकर घातली. आणि मग ते रडलं. काय रडलं! बाहेर सासूनं ऐकलं आणि बाजारात ऐकू जाईल असं ओरडली, "लहान्या बाई! धन्य हाय तुमची!"

मी तशीच वाकलेली होते. सरळ होता येत नव्हतं.

आता पुढची गंमत ऐका. बहिणीच्या डोळ्यांवरची पट्टी काढली. तिनं लहान्या बाईचे हात धरले आणि त्यावर डोकं टेकलं. आणि लहान्या बाई, खोटं कशाला बोलू, स्वच्छ म्हणाली, "मी नाई वं केलं. मी नुसती उभी व्हती. तुह्या अक्कानं केलं सारं."

सासू आत आली होती. तिनं कौतुकानं मान हलवली. "पाह्य! याले म्हनतेत थोरपन. एवढं करून नाव दुसऱ्याचं सांगते!" बहीण म्हणाली, "व्हय न. अक्काले वाईट नको वाटाले म्हून."

खरं सांगूनही मान तिचाच वाढला. याच्यापुढे कोणी काय करावं? मी भिंतीला धरून बाहेर आले आणि ओसरीच्या बाकावर पालथी पडले.

पाचवीला सासूनं लहान्या बाईची ओटी भरली. खण, नारळ, हिरवं लुगडं. ती ते सगळं पदरात घेऊन माझ्या खोलीत आली आणि माझ्यापुढे ठेवू लागली. "हे तुमचं हाय."

"वांगे नव्हेत ते, मी घ्याले," मी म्हटलं. "तुही ओटी तूच सांभाळ."

ती लुगडं घडी न मोडता उचलून गेली.

नंतर थोड्याच दिवसांत डॉक्टरांनी तिला रजा दिली. रजा म्हणायची, पण ती परत येणार नाही हे सगळ्यांना दिसत होतं. भाऊ केनवडहून दमणी घेऊन आला. दमणीत कडबा अंथरून त्यावर वाकळ टाकलेली, तिला आडवं होऊन जाता यावं म्हणून. गाव लोटलं होतं. बायका तिच्या हाताला हात लावून घेत होत्या आणि ती डोळे मिटून हात पुढे करत होती, जसं लेकरू औषध घेतं तसं. मी ओसरीवर खांबाला पाठ टेकून उभी होते. तेवढ्यात ती गर्दीतून वाट काढत माझ्याकडे आली.

"मोठ्या बाई, जाता जाता सांगतो. मले तुमचा लय हेवा वाटे."

मला वाटलं, थट्टा करते. "माहा? कशाचा?"

"तुमी या बाकावर बसून चहा पेत होत्या न, बशीत ओतून, गरम गरम. कोनी येत नव्हतं तुमच्याकडं. मी तिकडून पाहो आनिक मले वाटे, देवा, एक दिवस मले मोठी बाई कर."

ती दमणीत चढली, कडब्यावर आडवी झाली आणि डोळ्यांवर पदर ओढून घेतला. बैल चालू लागले. मी मनात म्हटलं, जा बाई. रांग पण तुझी, दूध पण तुझं, आणि आता झोप पण तुझी.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायका माझ्या टेबलापाशी आल्या. हातगुणासाठी नव्हे, दुसरा हातच नव्हता म्हणून. कडुनिंबाच्या पारापर्यंत रांग, अगदी मला हवी होती तशी. चाचांनी चहा आणून ठेवला. एकीच्या लेकराला फेफरं आलं होतं, एकीचं रक्त थांबेना, एकीचा नारू. वळून बघितलं तर चहावर साय धरली होती. चाचांनी पुन्हा ऊन करून आणला, पुन्हा साय धरली. पुढे चाचांनीही आणणं सोडलं. लढाई लागली, औषधं मिळेनात, दुसरी बाई काही कोणी पाठवली नाही. एक दिवस मीही सामानाच्या खोलीत गेले आणि त्याच गठ्ठ्यावर बसले, भिंतीकडे तोंड करून. वाटलं, बघू या कोण येतं. चाचाच आले. म्हणाले, "बाई, औरतें राह देख रही हैं." मी उठले. दूध आलं नाही.

पाठ मात्र कायमची गेली. वाकलं की कळ, उठलं की कळ, नोकरीभर आणि नंतरही.

माझी ती भाची मोठी झाली. पायाळू म्हणून तिचं नाव पंचक्रोशीत झालं. तांड्यांवरचे लोक कमरा धरून यायचे, अंगणात पालथे पडायचे आणि ही खेळ सोडून येऊन त्यांच्या पाठीला टाच लावायची. एकदा मी बहिणीकडे गेले होते. पाठ फार धरली होती. बहीण म्हणाली, "अक्का, पालथी पड. पोरगी पाय लावते."

मी सतरंजीवर पालथी पडले. पोरगी आली, लगोऱ्या टाकून आलेली, धापा टाकत. टाच टेकवून म्हणाली, "येथी दुखते का, मावशी?"

"तेथीच."

ती दाबत राहिली. मग खाली वाकून माझ्या कानाशी म्हणाली, आईला ऐकू जाऊ नये म्हणून, "मले कटाळा येते मावशी. सारे माह्याच पायाले येतेत. तू दवाखान्यात एवढे वर्स व्हती, तुले नाई आला कटाळा?"

एवढ्या वर्षांत मला हे विचारणारी ही पहिली. मी तोंड सतरंजीत खुपसलं. तिला वाटलं दुखतंय, म्हणून तिनं टाच हलकी केली. "नाई नाई," मी म्हटलं, "राहू दे तिथंच. घडीभर राहू दे."

बहीण दारातून बघत होती. माझे खांदे हलताना पाहून तिला वाटलं, पाठ मोकळी झाली. खूश होऊन म्हणाली, "येईन न गुण! काहून येनार नाई? लहान्या बाईचा हात लागलेलं लेकरू हाय ते."

माझं अंग पुन्हा पेटलं. हात तिचा, पाय हिचा. पाठ तेवढी माझी होती.